भिलाईत सुरू झालेली चढाई

1978 साली भिलाईत राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचा रौप्यमहोत्सव साजरा होत होता. मैदानात राज्याराज्यांचे संघ एकमेकांचे गडी मारत होते. त्याच सोहळ्यात भरलेल्या एका खास परिषदेत भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ या चार देशांचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन केला. एका देशाच्या अंगणातला खेळ खंडाचा व्हावा, असा संघटित प्रयत्न इथून सुरू झाला.

काळही अनुकूल होता. बांगलादेश स्वतंत्र होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती. भारत-पाकिस्तानचे राजनैतिक संबंध 1976 मध्ये पुन्हा जुळले होते आणि 1978 च्याच ऑक्टोबरात बिशनसिंग बेदीचा संघ पाकिस्तानात कसोटी खेळायला गेला, तोही दोन्ही देशांतल्या कसोटींत सतरा वर्षांचा खंड पडल्यानंतर. क्रिकेटच्या त्या दौऱ्याची आठवण आजही निघते. भिलाईची बैठक मात्र कबड्डीच्या कार्यकर्त्यांबाहेर फारशी कुणाला माहीत नाही.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात, दुर्ग जिल्ह्यात. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोविएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांमध्ये क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे उभी राहिली. मलयाळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, मराठी, बिहारी अशी सगळ्या मुलखांतली माणसे एका भोंग्यावर कामाला जाऊ लागली. कारखान्याच्या वसाहतीत शाळा, इस्पितळ, बाजार यांच्या जोडीने मैदानेही आली. देशभरच्या संघांना उतरवून घ्यायचे, जेवू घालायचे आणि सामने भरवायचे, तर सार्वजनिक क्षेत्रातल्या अशा पोलाद-नगरीइतकी सोयीची जागा त्या काळी विरळाच.

भिलाईच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर उतई आहे. एकीकडे कारखान्याचे धुराडे, दुसरीकडे धानाची शेते, असे हे गाव आता नगर पंचायत झाले आहे. उतईच्या परिसरातल्या खेड्यांत कबड्डी भिलाईमुळे आली, असे मात्र नाही. छत्तीसगडी बोलीत या खेळाला ‘खुडवा’ म्हणतात आणि तो पोलादाच्या कितीतरी आधीपासून धान कापून मोकळ्या झालेल्या शेतांत रंगत आला आहे. महाराष्ट्रात हुतुतू, बंगालमध्ये हाडूडू, तमिळ मुलखात चेडुगुडू, इथे खुडवा. खेळ सगळीकडे होता. सगळ्यांना मिळून खेळता येतील असे नियम मात्र कुठेच नव्हते.

ते नियम घडवण्याचे काम प्रामुख्याने मराठी माणसांनी केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रात देशी खेळांना शिस्त लावण्याची एक लाटच आली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. पाठोपाठ हुतुतूचा नंबर लागला. सातारा आणि पुण्याच्या मंडळींनी नियमांचा आराखडा केला आणि बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 मध्ये नियम छापून त्यांच्या आधारे अखिल भारतीय स्पर्धा भरवली. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात मराठी व्यायामपटूंना मान होता, छापखाने होते आणि पैशाचे पाठबळही होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. गावोगावच्या खेळाचे ढोबळमानाने तीन प्रकार होते. ‘संजीवनी’मध्ये समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी पुन्हा मैदानात येतो. ‘गामिनी’मध्ये बाद झालेला बाहेरच बसतो आणि एक बाजू पूर्ण संपेपर्यंत डाव चालतो. ‘अमर’मध्ये बाद झालेलाही मैदानातच राहतो, फक्त गुण मोजले जातात. गामिनीचा सामना कधी संपेल याचा नेम नाही, अमरमध्ये बाद होण्याची धास्ती नाही. ठरलेल्या वेळात सामना बसवायचा आणि चुरस शेवटपर्यंत टिकवायची, तर संजीवनीच उपयोगी. त्यावर समोरचा सगळा संघ बाद केल्यावर मिळणाऱ्या लोणाच्या जादा गुणांची जोड दिली गेली आणि आज मॅटवर दिसणाऱ्या खेळाचा सांगाडा तयार झाला. मेलेला गडी जिवंत होण्याच्या या युक्तीमुळे पिछाडीवरचा संघ दोन मिनिटांत सामना फिरवू शकतो, आणि परक्या प्रेक्षकालाही ही गंमत समजायला भाषा लागत नाही.

परदेशी प्रेक्षकासमोर ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली 1936 मध्ये, बर्लिनला. ध्यानचंदच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला 8–1 ने लोळवले, ते ऑलिंपिक. त्याच वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनमध्ये होते. 1914 साली वैद्य बंधूंनी स्थापलेल्या या मंडळाने मल्लखांब आणि इतर देशी व्यायामप्रकारांबरोबर कबड्डीचेही प्रात्यक्षिक तिथे करून दाखवले. ऑलिंपिकच्या अधिकृत स्पर्धांत हा खेळ नव्हता. तरीही आखाड्यातली पोरे आपला खेळ घेऊन समुद्रापार गेली, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. अमरावती आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात, मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. 1956 ची राज्य पुनर्रचना होईपर्यंत दुर्गच्या माणसाला सरकारी कामासाठी नागपूरचीच गाडी धरावी लागे.

बर्लिनमध्ये टाळ्या मिळाल्या, पण प्रात्यक्षिक संपले की खेळही संपतो. बघणाऱ्यांपैकी कुणी घरी जाऊन संघ काढत नाही. त्यासाठी नियमांचे पुस्तक, शिकवणारा माणूस, प्रतिस्पर्धी आणि दर वर्षी ठरलेल्या तारखेला भरणारी स्पर्धा लागते. हे सगळे आधी घरात उभे करावे लागले. 1938 मध्ये कलकत्त्याला भरलेल्या भारतीय ऑलिंपिक खेळांत कबड्डीला जागा मिळाली. 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला. 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा आणि 1955 मध्ये कलकत्त्याला महिलांची. महाराष्ट्राने आपल्या लाडक्या ‘हुतुतू’चा हट्ट सोडून देशभर चालणारे ‘कबड्डी’ हे नाव स्वीकारले, त्यामागे शंकरराव साळवी यांचा मोठा वाटा होता. ‘बुवा’ या नावाने सगळे त्यांना ओळखत. 15 जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

बुवांचा काळ हा अस्सल हौशी कबड्डीचा काळ. मुंबईत लालबाग-परळच्या गिरणगावात पाळी सुटली की माती चाळायची, तिच्यावर पाणी मारायचे, चुन्याने रेषा आखायच्या आणि दिव्यांच्या उजेडात सामने लावायचे. चाळीच्या गॅलऱ्या म्हणजे प्रेक्षागृह. दादरचा विजय क्लब, अमरहिंद मंडळ यांच्यासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. खेळून पैसे मिळत नसत. मिळायची ती ढाल, शाल, गावात मान आणि नशीब जोरावर असेल तर नोकरी. रेल्वे, बँका, पोलीस, बंदर, तेल कंपन्या, पोलाद कारखाने यांनी आपापले संघ बांधले. चांगला चढाईपटू कारकून म्हणून लागायचा, सकाळी सरावाला जायचा, दुपारी टेबलावर बसायचा आणि स्पर्धेच्या दिवसांत त्याला खास रजा मिळायची. या व्यवस्थेने खेळाडूचा संसार चालवला आणि महासंघाचा खर्च वाचवला. पुण्याच्या शकुंतला खटावकर आणि शांताराम जाधव यांना 1978 नंतरच्या दोन-तीन वर्षांत अर्जुन पुरस्कार मिळाले, ते याच व्यवस्थेतून वर आलेल्या पिढीचे मोठे मानकरी.

अशा हौशी खेळाने देशाबाहेर कसे जायचे? इतर खेळांकडे पाहिले तर दोन मार्ग दिसतात. क्रिकेट आणि हॉकी साम्राज्याबरोबर, पलटणींच्या आणि मिशनरी शाळांच्या पाठीवर बसून गेले. भारताला साम्राज्य नव्हते, त्यामुळे तो मार्ग बंद. दुसरा मार्ग स्थलांतरितांचा, आणि त्याचे सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल.

मेलबर्नमध्ये 1859 साली या खेळाचे नियम लिहिले गेले, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्याही चार वर्षे आधी. अंडाकृती मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, गोलाला चार खांब. घरच्या मैदानावर हजारोंची गर्दी खेचणारा हा खेळ बाहेर मात्र कायम पोरका राहिला. 28 ऑक्टोबर 1916 रोजी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांत प्रदर्शनी सामना झाला. सैनिक मायदेशी परतले आणि खेळही त्यांच्याबरोबर परतला. 1990 च्या आसपास डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये लीग सुरू झाल्या, त्याही बहुतांशी तिथे राहणाऱ्या ऑस्ट्रेलियनांच्या पुढाकाराने. शनिवारी एखादे बाग-मैदान भाड्याने घ्यायचे, संघात माणसे कमी पडली की ओळखीच्या स्थानिक पोरांना ओढायचे, असा मामला. 2002 मध्ये मेलबर्नला पहिला आंतरराष्ट्रीय चषक भरला. परदेशात राहणाऱ्या ऑस्ट्रेलियनांना त्या संघांत जागा नव्हती; खेळाडू त्या त्या देशाचाच हवा, आणि तोही हौशी. पहिला चषक आयर्लंडने जिंकला, नंतर पापुआ न्यू गिनीने 2008, 2014 आणि 2017 असा तीनदा जिंकला. भारताचा संघ 2008 मध्ये या चषकात पहिल्यांदा उतरला.

कबड्डीतही स्थलांतरितांचा मार्ग आहे, पण त्यावरून गेली ती वेगळी कबड्डी. पंजाबी माणूस ब्रिटनला, कॅनडाला गेला तेव्हा त्याने आपली गोल मैदानातली कबड्डी बरोबर नेली. साउथॉल, बर्मिंगहॅम, व्हँकुव्हरच्या परिसरातल्या उन्हाळी मेळ्यांत ती जोरात चालते, बक्षिसेही भारी असतात. पण ती मुख्यतः पंजाबी समाजाच्या आतच फिरली. शेजारच्या इंग्रजाने किंवा कॅनेडियनाने संघ काढल्याची उदाहरणे फार नाहीत. सात-सात गड्यांच्या, आयताकृती मैदानातल्या कबड्डीचे उलट झाले. मराठी माणूस पोटासाठी परदेशी गेला खरा, पण त्याने बृहन्महाराष्ट्र मंडळे, गणेशोत्सव आणि नाटके नेली; चुन्याच्या रेषा नेल्या नाहीत. त्यामुळे ही कबड्डी बाहेर गेली ती बैठका, ठराव, पत्रव्यवहार आणि सरकारी पाहुणचाराच्या वाटेने, आणि म्हणूनच ती जिथे पोचली तिथे पहिल्या दिवसापासून स्थानिकांच्या हातात पडली.

सुरुवात शेजारघरापासून झाली. 1974 मध्ये सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाखाली भारताचा पुरुष संघ बांगलादेशात गेला आणि वेगवेगळ्या शहरांत पाच कसोटी सामने खेळला. नव्या देशाने हाडूडूला आपला राष्ट्रीय खेळ मानले होते, त्यामुळे पाहुण्या संघाचे स्वागत जोरात झाले. 1979 मध्ये बांगलादेशचा संघ परतभेटीला आला, तोही भारतात पाच सामने खेळला. या दोन दौऱ्यांच्या मध्ये भिलाईची परिषद बसते. दोन देश एकमेकांकडे जाऊ लागले होते. चौघांची संस्था झाल्यावर नियम, पंच आणि स्पर्धांचे वेळापत्रक हे सगळे एका छताखाली आले. एखादा खेळ आशियाई खेळांत घ्यायचा तर संयोजकांना खंडाची संघटना दाखवावी लागते. ती नसेल तर खेळ कितीही जुना असो, अर्जच पुढे सरकत नाही. भिलाईने तो कागद तयार करून दिला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षे धावपळीची होती. 1979 मध्ये नव्या महासंघाने प्रा. सुंदर राम यांना जपानला पाठवले. दोन महिने ते जपानभर फिरून कबड्डी शिकवत होते. ज्यांना भाषा येत नाही, ज्यांच्या देशात या खेळाचा पिढीजात वारसा नाही, अशा तरुणांना ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत एका दमात चढाई करायला लावणे हे काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकालाच जमणारे. 1980 मध्ये कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारत पहिला, बांगलादेश दुसरा. 1981 मध्ये बुवा साळवींच्या मार्गदर्शनाखाली भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ थायलंड, जपान आणि मलेशियात सदिच्छा दौऱ्यावर गेले. महिला संघ बरोबर नेण्याचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला. थायलंडच्या मुलींनी हा खेळ असा उचलला की 2010 मध्ये ग्वांगझूला आशियाई खेळांत महिला कबड्डी पहिल्यांदा आली तेव्हा अंतिम फेरीत भारतासमोर थायलंडच उभा होता.

1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत कबड्डी प्रदर्शनी खेळ म्हणून दाखवली गेली. यजमानपणाचा हा फायदा: मैदान आपले, प्रेक्षक आपले आणि पाहुणे झाडून सगळ्या खंडाचे. 1985 मध्ये ढाक्याच्या दक्षिण आशियाई खेळांत ती पदकांची झाली. आणि 1990 मध्ये बीजिंगला, भिलाईच्या बैठकीनंतर बारा वर्षांनी, आशियाई खेळांत कबड्डीचे पहिले सुवर्णपदक ठेवले गेले. ते भारताने जिंकले, बांगलादेशला रौप्य आणि पाकिस्तानला कांस्य. पुण्याचे अशोक शिंदे त्या भारतीय संघात होते. पुढे हिरोशिमा, बँकॉक, बुसान, दोहा, ग्वांगझू, इंचॉन असे सलग सुवर्ण येत राहिले आणि भारतात कबड्डीचे पदक हा गृहीत धरण्याचा विषय झाला. वर्तमानपत्रांत निकाल चार ओळींत यायचा.

मधल्या काळात खेळाचे रूपही पालटले. मातीच्या जागी मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले, चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, बोनस रेषेने चढाईपटूला आत शिरण्याचे आमिष दिले. जुन्या मंडळींनी कुरकुर केली. मातीवर घोट्याची पकड वेगळी बसते, मॅटवर पाय सरकतो तसा मातीत सरकत नाही. पण तेहरान, बुसान किंवा ओसाकाच्या बंदिस्त हॉलमध्ये माती कोण टाकणार? मॅट गुंडाळून कुठेही नेता येते. परदेशी संघांना मातीचा अनुभव नव्हता, मॅटवर मात्र सगळे सारखेच नवखे होते. देशी खेळाडूचा पिढीजात फायदा तिथेच निम्मा झाला.

इराणने ही संधी नेमकी हेरली. कुस्तीची मोठी परंपरा असलेल्या त्या देशात दम धरून खेळण्याचा ‘झू’ नावाचा खेळही आधीपासून होता. 2004 मध्ये मुंबईत कबड्डीचा पहिला विश्वचषक भरला आणि भारताने अंतिम सामन्यात इराणला 55–27 असे हरवले. 2007 मध्ये पनवेलला पुन्हा तेच दोन संघ, गुण 29–19. 2014 मध्ये इंचॉनच्या अंतिम सामन्यात फरक उरला फक्त दोन गुणांचा, 27–25. आकडे ओळीने वाचले की पुढे काय होणार ते दिसत होते.

2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत ते झाले. गटातच दक्षिण कोरियाने भारताच्या पुरुषांना 24–23 असा धक्का दिला आणि उपांत्य फेरीत इराणने 27–18 ने गाशा गुंडाळायला लावला. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27–24 असे हरवले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या इराणला गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या आणि खेळाडूंच्या दिनक्रमात योग आणि प्राणायाम घातला. श्वास हेच ज्या खेळाचे भांडवल, तिथे प्राणायामाचा उपयोग वेगळा सांगायला नको. हिजाब घालून पकड करणाऱ्या इराणी मुली, बाकावर बसलेल्या मराठी बाई आणि समोर निळ्या पोशाखातला भारत. भारतात त्या दिवशी अनेकांना चुकचुकल्यासारखे झाले, काहींना रागही आला. पण 1979 मध्ये सुंदर राम जपानला गेले तेव्हापासून भारत हेच तर करत होता. शिकवलेले विद्यार्थी कधीतरी गुरूला हरवणार, हे भिलाईच्या ठरावातच अंतर्भूत होते.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची आणि कबड्डीची वाट एके ठिकाणी प्रत्यक्ष मिळाली आहे. 2016 मध्ये अहमदाबादला बारा देशांचा विश्वचषक झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने यजमान भारताला 34–32 ने हरवले, तरी अखेर भारताने इराणला 38–29 असे नमवून चषक राखला. पोलंड, केनिया, अर्जेंटिना, अमेरिका यांच्या बरोबरीने त्यात ऑस्ट्रेलियाही होती. तिचा कर्णधार होता कॅम्बेल ब्राउन, 2008 मध्ये हॉथॉर्नकडून ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे विजेतेपद मिळवलेला खेळाडू. धावत्या माणसाला कमरेत धरून खाली पाडण्यात ही मंडळी तरबेज होती. दम, बोनस आणि लोण यांचे गणित मात्र नवे होते. भारताने त्यांचा 54–20 असा धुव्वा उडवला. अर्जेंटिनाविरुद्ध मात्र त्यांना विजय मिळाला. आपल्या देशात हजारोंच्या गर्दीसमोर पगारी खेळाडू म्हणून खेळलेला माणूस इथे हौशी नवशिका म्हणून उतरला होता. डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नच्या जॉन केन अरेनात प्रो कबड्डीच्या जुन्या नामवंतांचा प्रदर्शनी सामना झाला, तेव्हाही समोर ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंचाच संघ होता.

तोवर भारतातली हौशी कबड्डी फार दूर गेली होती. 26 जुलै 2014 रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त मैदानात प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारला लागली, 12.80 लाख रुपये. 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूईसाठी 2.35 कोटी मोजले आणि त्या मोसमाचे विजेतेपदही पटकावले. पूर्वी गिरणीच्या किंवा रेल्वेच्या नोकरीसाठी खेळणाऱ्याच्या मुलाला आता दूरचित्रवाणीवर आपल्या नावाचा टी-शर्ट दिसतो. देशाच्या महासंघाच्या नावात ‘हौशी’ हा शब्द तसाच राहिला. त्याच्या कारभारावर 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला. आंतरराष्ट्रीय पातळीवरही एकापेक्षा जास्त संघटना आहेत. 2025 च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्समध्ये जो विश्वचषक झाला, तो मुंबई-पनवेल-अहमदाबादच्या स्पर्धा घेणाऱ्या महासंघाचा नव्हता. खेळ पसरला, पण चार देशांनी एका टेबलाशी बसून सगळे ठरवावे, अशी स्थिती उरली नाही.

छत्तीसगडमध्ये खेळ पुन्हा गल्लीत आला तो वेगळ्या निमित्ताने. 2022 च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने ‘छत्तीसगढिया ओलंपिक’ सुरू केले. गेडी, भौंरा, पिठ्ठूल, फुगडी, बाटी अशा चौदा खेळांच्या यादीत कबड्डी आणि खो-खोही होते. वयाची वरची मर्यादा नव्हती, त्यामुळे सासवा-सुनाही मैदानात उतरल्या. गावपातळीपासून राज्यापर्यंतच्या या स्पर्धांत दुर्ग जिल्ह्यातली खेडी होतीच. याच जिल्ह्यातल्या भिलाईत एकेकाळी आशियाई महासंघ स्थापन झाला, हे त्या वेळच्या भाषणांत फारसे ऐकू आले नाही.

जपानचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तिथला पुरुष संघ 2010 च्या आशियाई खेळांत कांस्यपदकापर्यंत पोचला. 2015 मध्ये हाजिमे मुसाशिनो या चित्रकाराची शाळकरी कबड्डीपटूंवरची एक मांगा मालिका सुरू झाली, 2021 मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीसाठी ऍनिमेशनपट झाला. त्यातली जपानी पोरे चढाईला जाताना ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणतात, लोण चढवतात, बोनस घेतात. 2026 चे आशियाई खेळ आइची-नागोयामध्ये आहेत आणि त्यांच्या कार्यक्रमात कबड्डी आहे. प्रा. सुंदर राम ज्या देशात नियम समजावत फिरले, तिथेच पुन्हा आशियाई पदकांसाठी चढाया होणार.